झाडउंदीर आणि बुरशी : फरक स्पष्ट करा

शाळेत रुजू झाले त्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "तुम्ही उंदीर आहात, बाई. चांगलं झालं."

माझी पहिली नोकरी. अंगावर नवी साडी, हातात नेमणुकीचा कागद, आणि समोरचा पन्नाशीचा माणूस मला उंदीर म्हणत होता. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. पुढं कळलं की त्यांच्या लेखी ती शाबासकी होती. मुख्याध्यापकांना ते बुरशी म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी.

तीर्थपुरीच्या अलीकडं फाट्यावर उतरून चालत जावं लागे, अशा गावातली आमची शाळा. मी रोज नवीन जालन्याहून जायची. सर गावातच एका खोलीत राहत आणि शाळेत विज्ञान शिकवत. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी पोती शिवायचा दाभण, टोकाला बूच लावलेलं. जिथं लाकूड दिसेल तिथं हा माणूस आधी बोटानं टकटक करणार, मग दाभण टोचणार. दाभण अडला की मान डोलवणार. आत शिरला की बाहेर काढून नाकाला लावणार आणि तोंड वाकडं करणार. शाळेची बाकं झाली, फळा झाला, फाट्यावरच्या हॉटेलचा बाकडा झाला. एकदा भाचीसाठी स्थळ बघायला गेले, तर चहा येईपर्यंत यांनी पाहुण्यांच्या दाराच्या चौकटीत दाभण घातला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की रंग नवा आहे, पण चौकट गेलेली आहे. स्थळ मोडलं. बहिणीनं त्या वर्षी भाऊबीजेला बोलावलं नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही, कारण चौकट खरोखरच गेलेली होती.

त्यांचं एक शास्त्र होतं. जगात नुकसान दोनच तऱ्हेचं. उंदीर कुरतडतो तेव्हा आवाज होतो, भुसा पडतो, लेंड्या दिसतात. चोर खरा, पण माग ठेवून जातो. बुरशीला ना आवाज ना भुसा. ती लाकडात शिरते आणि लाकूड वरून जसंच्या तसं दिसत राहतं. तिची छत्री बाहेर येते तेव्हा आतलं काम उरकलेलं असतं. मग वर्गात दोन पोरं गुद्दागुद्दी करत असली तर सर म्हणायचे, सोडा, उंदराचं काम आहे, संध्याकाळी एकत्र विटीदांडू खेळतील. पण जिवलग मैत्रिणी एकमेकींशी गोड बोलत वेगळ्या बाकांवर बसायला लागल्या की हातातला खडू ठेवून त्यांना बाहेर बोलवायचे. मी तोंडाची फटकळ, मनातलं लगेच चेहऱ्यावर आणि ओठावर येणारी, म्हणून उंदीर. मुख्याध्यापक कोणत्याही गोष्टीला "बघू, करू" म्हणायचे आणि काहीच करायचे नाहीत, म्हणून बुरशी.

दर वर्षी परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला: झाडउंदीर आणि बुरशी यांतील फरक स्पष्ट करा. पुस्तकात तो धडाच नव्हता. एका मुलानं लिहिलं, उंदराला शेपूट असते, बुरशीला नसते. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणाले, पोरानं निदान बघून लिहिलंय.

त्यांचा जीव मात्र एका चिंचेवर होता. मैदानाच्या कडेला, माझ्या सातवीच्या वर्गाला लागून ती उभी होती. दोघांच्या कवेत न मावणारं खोड, आणि डोक्याच्या जरा वर जिथं कधीकाळी फांदी मोडली होती तिथं एक ढोली. ढोलीत झाडउंदीर राहत. अंगठ्याएवढा जीव, अंगापेक्षा लांब शेपूट, ती डहाळीला गुंडाळून उतरायचा. दिवसा झोपलेले असायचे. सर मोबाइलचा उजेड ढोलीत टाकून मुलांना एकेक करून स्टुलावर चढवून दाखवायचे आणि कुणी आवाज केला तर त्याला रांगेत शेवटी पाठवायचे.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांना चिंचेच्या जागी खुला रंगमंच हवा होता. उंदरांनी झाड पोखरलंय, ते पोरांच्या अंगावर पडेल, असं कारण काढून त्यांनी बैठक बोलावली. मुख्याध्यापक म्हणाले, बघू, करू. सरांनी स्टूल आणलं आणि आबांना सांगितलं, चढा. एवढा मोठा माणूस, पण चढला. आत चिंध्या आणि वाळल्या पानांचं घरटं होतं, त्यात पिलांना पोटाशी घेऊन उंदरीण झोपली होती. आबा बराच वेळ बघत राहिले. खालून सर समजावत होते की ढोली म्हणजे कुजणं नव्हे, झाड बाहेरच्या जिवंत लाकडावर उभं असतं. आणि मग ते वाक्य म्हणाले, जे पुढं साऱ्या गावाला पाठ झालं.

"आबा, उंदीर कोरड्या घरात राहतो. बुरशीला ओल लागते. उंदीर आहे तोवर हे लाकूड पक्कं समजा."

आबा स्टुलावरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "राहू द्या मंग. लेकरं हायेत बिचारीची."

झाड वाचलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आपल्याकडं एखादी गोष्ट आवडली की तिच्याभोवती बांधकाम केल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही. आबांनी जाहीर केलं की चिंचेला पार बांधायचा, दगडी, चांगला कमरेएवढा. सर नुसते फुगले. त्यांनीच आखणी केली, त्यांनीच दगड निवडले. आत भरायला आबांच्या शेतातली काळी माती ट्रॅक्टरनं आली आणि खोडाला भिडवून दाबून बसवली गेली. वर तुळस लावली, गुलाब लावले, रोज एका वर्गानं पाणी घालायचं असं ठरलं. गावात त्याला सरांचा पार म्हणू लागले. सर तिथं बसून भाकरी खायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे, इतका सुखी. मीही त्या पारावर बसून वह्या तपासल्या आहेत. त्यावर दोन पावसाळे गेले.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी सर माझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. नेहमी चौकटीवर टकटक करून येणारा माणूस, त्या दिवशी नुसता उभा. मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, उंदीर गेले. मी थट्टेनं म्हटलं, मांजरानं खाल्ले असतील. ते हसले नाहीत. मला पाराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले, तुळशीची फांदी हातानं बाजूला केली. खोडाला चिकटून, मातीला टेकून एक तांबूस छत्री निघालेली होती, भाकरीच्या पापुद्र्याएवढी, काठ पांढरा. गावात तिला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि पोरं पायानं उडवतात.

सरांनी दाभण काढला, पण लगेच टोचला नाही. हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी छत्रीच्या वर खोडात टेकवला आणि तो नेढ्यापर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. मला अजून तो दिसतो. त्यांनी तो नाकाला लावला नाही, सदऱ्याला पुसला.

मी विचारलं, असं कसं झालं? ते हळू आवाजात बोलले. "काळी माती, बाई. खोडाला भिडवून ठेवली अन् रोज पाणी घातलं. बुरशी आधीपासून असंल आत कुठं. पण तिला ओल मी दिली." आणि मला शपथ घातली नाही, पण माझ्याकडं असं काही बघितलं की हे मी कुणाला सांगणार नाही हे तिथंच ठरलं.

त्याच दिवशी ते मुख्याध्यापकांकडं गेले आणि झाड उतरवायला हवं असं सांगितलं. कारण मात्र अर्धंच सांगितलं. बुरशी लागली, एवढंच. पाराचा विषय काढला नाही. मी तिथंच होते आणि मला त्यांचा राग आला. दुसऱ्याच्या चौकटीत भर बैठकीत दाभण घालणारा माणूस स्वतःच्या पाराशी आल्यावर गप्प बसला. त्यांचंच शास्त्र लावायचं तर ते स्वतः बुरशी झाले होते.

आणि त्या अर्ध्या कारणानं काम होईना. मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज देऊ, परवानगी येऊ द्या, बघू, करू. आबांना सांगायला गेले तर आबांनी सरांचंच वाक्य सरांना ऐकवलं, उंदीर हाय तोवर लाकूड पक्कं. उंदीर गेले म्हटल्यावर आबा म्हणाले, तुम्ही शाळेला सुट्टी दिली, उंदरांनीबी घेतली असंल, येतील. गावात हा विनोद पंधरा दिवस चालला. ज्या माणसानं झाड वाचवण्यासाठी सगळ्यांना गप्प केलं होतं, तोच आता पाडा म्हणतो, याचा अर्थ लोकांनी एकच लावला: मास्तरचं डोकं फिरलंय.

दहावीचा निरोप समारंभ दरवर्षी फेब्रुवारीत असतो. मंडपवाल्यानं कनातीचे दोर चिंचेच्या फांद्यांना ताणून बांधले, खुर्च्या थेट पारापर्यंत लावल्या. त्या आठवड्यात आभाळ रोज दुपारी भरून येई आणि वारा सुटे, गारांची भीती होती. मी सकाळी पोचले तेव्हा दोर करकरत होते आणि दहावीच्या मुली नव्या साड्या सावरत झाडाखाली फोटो काढत होत्या. सर दिसत नव्हते. त्यांना कुठं शोधावं कळेना.

ते आले ते कुदळ घेऊन. कुणाशी बोलले नाहीत. मुलींना हातानं बाजूला व्हायला सांगितलं, पारावर चढले आणि घाव घालायला लागले. तुळस पडली, गुलाब पडले, दगड निखळले. पाहुणे गाडीतून उतरत होते तेव्हा काळी माती खुर्च्यांवर उडत होती. शिपाई धरायला गेला तर त्यांनी त्याला असं ढकललं की तो खालीच बसला. माती दूर झाली तशी खोडाची खालची साल दिसली, काळी, भिजलेली, हातानं सुटणारी. सरांनी मूठभर लाकूड नुसत्या बोटांनी उपसलं आणि आबांच्या पुढं धरलं.

आबांनी ते बघितलंसुद्धा नाही. चेहरा लाल झाला होता. आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुम्हीच बांधला, तुम्हीच फोडून राह्यले. आम्ही काय समजायचं?"

हा प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याचं उत्तर सरांकडं होतं. मी जीव मुठीत धरून वाट बघितली. सरांनी मूठ उघडली, लाकडाचा चुरा खाली पडला, कुदळ खांद्यावर टाकून ते निघून गेले. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून कार्यक्रम मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उन्हात झाला. शाळेच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून त्यांना नोटीस मिळाली.

झाड त्या दिवशी पडलं नाही. त्या आठवड्यात वारं आलं, गाराही आल्या, माझ्या जालन्याच्या घरी रात्रभर पत्रा वाजत होता आणि मला झोप नव्हती. सकाळी जाऊन बघते तर चिंच जागच्या जागी. हिरवीगार, चिंचांचे आकडे लगडलेली. लोक सरांना रस्त्यात थांबवून विचारायचे, पडली का?

मग सरांनी फक्की आणली, खो-खोचं मैदान आखायची. झाडाच्या उंचीचा अंदाज घेऊन चिंचेभोवती मोठं रिंगण आखलं आणि मुलांना बजावलं, रेघेच्या आत कुणी जायचं नाही. रेघ दिवसभरात पायांनी पुसली जायची, ते रोज सकाळी शाळा भरायच्या आधी नव्यानं ओढायचे. पोरांनी ऐकलं. पोरं ऐकतातच, त्यांना सरांच्या डोक्याबद्दल शंका नव्हती. ती रेघ माझ्या वर्गाच्या मधून जात होती.

सरांनी मला कधी सांगितलं नाही की वर्ग हलवा. मीच हलवला. विश्वासानं नव्हे, भीतीनं. बाकं तिथंच ठेवून मुलांना कार्यालयाजवळच्या व्हरांड्यात सतरंज्यांवर बसवलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं? पालकांनी विचारलं, बाकं असताना लेकरं भुईवर का? शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी उंदराचं चित्र टाकलं आणि खाली माझं नाव लिहिलं. मलाही नोटीस निघणार अशी बातमी होती. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी घरी रडले आणि सकाळी परत व्हरांड्यातच वर्ग भरवला. सरांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

एकदा मधल्या सुट्टीत ते रेघेबाहेर उभे होते, नजर शेंड्याला. मी जवळ जाऊन सरळ विचारलं, झाड पडावं असं तुम्हाला वाटतं का? पडलं तर तुम्ही खरे ठरणार.

त्यांनी खिशातून दाभण काढला. म्हणाले, "सकाळी येताना वाटतं, पडलेलं असावं. पोरं आली की वाटतं, आज नको. अन् घरी जाताना एकदा हात लावून जातो." मग दाभणाचं बूच काढून परत बसवत म्हणाले, "ह्याचा काही उपयोग न्हाई आता."

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा सुरू झाल्या. ऊन रणरणत होतं, पान हलत नव्हतं. सातवीचा गणिताचा पेपर होता, माझी मुलं व्हरांड्यात मान खाली घालून लिहीत होती. आधी एक कुरकुर ऐकू आली, जुनं दार उघडावं तशी. मुलांनी माना वर केल्या. मग चिंच सावकाश कलली. इतकी सावकाश की मला वाटलं ती थांबेल. मुळांचा आवाज झाला, जमीन हादरली आणि मैदानावर धुळीचा पडदा उभा राहिला. नंतर सगळं गप्प. एक आकडा पत्र्यावरून टपटपत खाली आला, तो सगळ्यांनी ऐकला.

मुख्याध्यापक अनवाणी बाहेर धावले आणि वर्गावर्गांतून हजेरी घ्या म्हणून ओरडले. सर रिंगणाच्या रेघेवर उभे होते आणि धुळीत काही दिसतं का बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. एकेका वर्गातून शिक्षक येऊन सांगू लागले, आमची सगळी आहेत, आमची सगळी आहेत. माझी मुलं माझ्यासमोर होती तरी मी त्यांना हात लावून लावून मोजलं, दोनदा चुकले. मग मी माझ्या वर्गाकडं गेले. खिडकीतून बघितलं. पत्रे फाटून चिंचेची फांदी आत उतरली होती आणि खिडकीकडच्या रांगेतलं एकही बाक अख्खं नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मुलांसमोर मोठ्यानं रडले, लाज वाटली नाही.

आबा तासाभरात आले. माझ्या वर्गाच्या खिडकीतून त्यांनी आत बघितलं. त्यांची नात सातवीतच होती. सरांसमोर गेले आणि भर मैदानात हात जोडले. म्हणाले, सर, तुम्ही बराबर होते, आम्ही गाढव. सरांनी त्यांचे हात खाली घेतले आणि ते सरळ खोलीवर गेले. दोन दिवस ते कुणाला दिसले नाहीत.

गावानं सत्कार ठरवला. नोटीस मागं घेतली गेली, माझीही निघायच्या आत विरली. परीक्षा संपल्यावर मैदानात गाव जमलं. शाल, श्रीफळ, हार. मुख्याध्यापकांनी सांगितलं की सरांवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. आबाही बोलले. मग माइक सरांच्या हातात दिला. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली.

"निरोप समारंभाला आबांनी मला एक विचारलं होतं," सर म्हणाले. "त्याचं उत्तर मी दिलं न्हाई. ते झाड तुमच्या पणतवंडांनी पाह्यलं असतं. मी त्याला पार बांधला. माती खोडाला मीच भिडवली, पाणी मीच घालायला लावलं. त्या ओलीनं ते कुजलं. हे मला दिवाळीपासून माहीत होतं अन् लाजेपायी सांगितलं न्हाई. तेव्हाच सांगितलं असतं तर आबांनी ऐकलं असतं अन् लेकरं चार महिने त्याच्याखाली जीव धोक्यात घालून बसली नसती. सत्कार कशाचा करून राह्यले?"

मग कुणीतरी मागून टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं की वाजवतात तशा, आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं. सर माइक धरून उभे राहिले. इतका एकटा माणूस मी पाहिला नाही. माझ्या मनातला सगळा राग त्या टाळ्यांत निघून गेला आणि मला वाटलं, उठून एकेकाचे हात धरून टाळ्या थांबवाव्यात.

आबांना भरून आलं होतं. त्यांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की त्याच जागी नवी चिंच लावायची आणि तिला सरांच्या नावानं पार बांधायचा, पहिल्यापेक्षा मोठा, फरशी लावून. पुन्हा टाळ्या.

सरांनी मान खाली घातली. आबांनी ते बघितलं. त्यांनी हातातला माइक बंद केला. मी पहिल्या रांगेत होते म्हणून ऐकू आलं. आबा सरांकडं वाकून म्हणाले, "मंग तुम्हीच सांगा, सर. नवीन झाडासाठी काय करू?"

"काही करू नका," सर म्हणाले. "लावा अन् त्याच्यापासून लांब राहा. जमंल का?"

आबांनी मोकळ्या जागेकडं बघितलं, मग जमलेल्या गावाकडं, मग सरांच्या गळ्यातल्या हाराकडं. त्यांनी खरोखर विचार केला.

"अवघड हाय, सर," ते म्हणाले.